कॅम्पिंगसाठी गॅस ग्रिल घेताय? आधी गॅस कुठला मिळणार ते बघा

आमच्या पहिल्या ग्रिलवर पहिल्या ट्रिपला एक कांदासुद्धा भाजला गेला नाही. डिसेंबर महिना, भंडारदरा, बॅकवॉटरला टेंट लावलेले, अडीच किलो चिकन आदल्या रात्रीपासून दह्यात मुरलेलं, आणि मी टेबलावर नवाकोरा ग्रिल मांडून गॅसचा डबा लावायला गेलो तर तो बसेचना. फिरवून बघितला, दाबून बघितला, मेव्हण्याने "जरा इकडे दे, तुला जमत नाही" म्हणून त्याच्या पद्धतीने दाबून बघितला. अर्ध्या तासाने कळलं की ग्रिलला लागतो लांबट, खाचवाला डबा आणि मी आणलेला आट्यांचा बुटका. दोन्हींवर कॅम्पिंग गॅसच लिहिलेलं, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले. चिकन शेवटी शेंडी गावात एका घरी चुलीवर शिजलं, त्या मावशी ग्रिलकडे बघून म्हणाल्या, "एवढं सामान आनलं आन पेटंना व्हय?"

त्यानंतर पाच-सहा वर्षं झाली, दोन ग्रिल झाले, बरेच हात पोळले. आता ओळखीतलं कोणी ग्रिल घ्यायचं म्हटलं की मला फोन येतो आणि मी दर वेळी तेच तेच सांगतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

१. आधी हे ठरवा: गाडीने जाणार की पाठीवर नेणार

पाठीवर सॅक घेऊन ट्रेक करणार असाल तर ग्रिलचा नाद सोडा. बुटक्या डब्यावर बसणारा छोटा बर्नर घ्या, चहा-मॅगी-खिचडी करा, खूश राहा. ग्रिल म्हणजे जाळी किंवा जाड प्लेट आली, ती जड असते आणि जड असली तरच नीट भाजते, हलकी प्लेट गॅस चालू असेपर्यंत गरम आणि गार चिकन ठेवलं की लगेच थंड.

गाडी थेट साइटपर्यंत जात असेल, म्हणजे पवना, भंडारदरा, कोकणातलं एखादं होमस्टेचं अंगण, शेतावरचं घर, तरच पुढचं वाचा.

माणसं किती तेही आत्ताच मोजा. चार जणांपर्यंत डब्यावर चालणारा कॅसेट स्टोव्ह आणि त्यावर ग्रिल प्लेट पुरते. आठ-दहा जण असतील तर झाकणवाला टेबलटॉप ग्रिल आणि छोटा सिलेंडर लागेल. मधलं काही घेतलंत तर अर्धे जेवून झोपलेले आणि अर्धे प्लेट घेऊन रांगेत असं होतं.

२. गॅस ठरवा (हा भाग दोनदा वाचा)

लोक ग्रिल आवडला म्हणून घेतात आणि मग त्याचा गॅस शोधत फिरतात. उलटं करा. तुमच्या गावात, तुमच्या नेहमीच्या दुकानात कुठला गॅस बारा महिने मिळतो ते बघा आणि त्याला चालणारा ग्रिल घ्या.

*लांब खाचवाला डबा.* हेअर स्प्रेच्या डब्यासारखा दिसतो, आत साधारण २२० ते २५० ग्रॅम ब्युटेन असतं. कॅसेट स्टोव्हमध्ये आडवा बसतो. सगळ्यात सोपा हाच आणि नवीन माणसाला मी हाच सांगतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, डब्याच्या कॉलरला एक खाच असते ती स्टोव्हमध्ये लावताना वरच्या बाजूला यायला हवी. आतली नळी वाकडी असते, खाच वर असली की नळीचं तोंड वर राहतं आणि गॅस वाफेच्या रूपात येतो. उलटा लागला तर पातळ, म्हणजे द्रव गॅस सरळ बर्नरमध्ये जातो आणि हातभर भडका उडतो. चांगल्या स्टोव्हमध्ये खाच जुळल्याशिवाय लीव्हर खाली जातच नाही, म्हणून लीव्हर अडत असेल तर जोर लावू नका, डबा काढून परत बघा.

*बुटका आट्यांचा डबा.* ट्रेकवाल्यांचा. यात बऱ्याचदा आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ग्रिल याला लावायचा तर अडॅप्टर लागतो, आणि अडॅप्टर-बिडॅप्टरच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका.

*भोक पाडायचा डबा.* स्टोव्हची सुई डब्यात घुसते आणि मग तो डबा रिकामा होईपर्यंत काढता येत नाही. जुना प्रकार आहे, घरात पडलेला असेल तर पडून राहू द्या.

*५ किलोचा छोटा सिलेंडर.* इंडियन ऑइलचा छोटू आता बऱ्याच लोकांना माहीत आहे, बाकी कंपन्यांचेही ५ किलोचे येतात. याला घरच्या गॅससारखं कनेक्शनचं पुस्तक लागत नाही, ओळखपत्र दाखवून मिळतो. मोठ्या टेबलटॉप ग्रिलला हाच योग्य. रेग्युलेटर मात्र सिलेंडर घेताना तिथेच लावून बघा, घरचा बसेल असं गृहीत धरू नका. नळी आयएसआय मार्कची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी घ्या, तिच्यावर तारीख छापलेली असते आणि आयुष्य ५ वर्षं. आणि भट्टीच्या शेगडीचा हाय प्रेशर रेग्युलेटर ग्रिलला लावायचा नाही म्हणजे नाही, ज्योत मोठी येईल या मोहाने लोक लावतात, मग नॉब वितळतात.

काय घ्यायचं नाही तेही सांगतो. भांड्यांच्या दुकानात, आठवडी बाजारात तो छोटा लोकल सिलेंडर मिळतो ना, डोक्यावरच बर्नर बसवलेला, तो नको. त्याला ना धड मार्क ना टेस्टची तारीख, आणि त्यात घरगुती सिलेंडरमधून गॅस ओतून भरून देतात, ते बेकायदाही आहे आणि बॉम्बही. तसंच वापरून झालेला कॅसेट डबा परत भरून देणारे महाभाग असतात. तो डबा एकदाच वापरायला बनवलेला असतो.

परदेशातून ग्रिल आणणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. आमच्या ताईने अमेरिकेतून फार प्रेमाने ग्रिल आणला, त्याला लागतो तिकडचा एक पौंडाचा प्रोपेनचा हिरवा डबा. तो इकडे सहज मिळत नाही, विमानातून आणता येत नाही. ग्रिल सध्या माळ्यावर आहे. तुमच्याकडे कोणी विचारलं "काय आणू?" तर चॉकलेट सांगा.

थंडीचं गणित: साधं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचंच थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतं. आपल्याकडे सह्याद्रीत शून्य कुठे होतंय असं वाटेल, पण गॅस वाफ होताना डबा स्वतःच थंड पडतो, हात लावून बघा, बर्फासारखा लागतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८-१० अंशाला ज्योत मरगळते आणि लोकांना वाटतं गॅस संपला. संपलेला नसतो. दोन डबे आलटून पालटून वापरा, राखीव डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपा. गरम पाण्यात बुडवायचा नाही, शेकोटीजवळ ठेवायचा नाही. स्पिती-लडाखला न्यायचा विचार असेल तर मात्र साधं ब्युटेन विसरा, मिश्रणवालाच डबा लागेल.

३. ग्रिल बघताना काय बघायचं

पहिलं म्हणजे प्लेटचा आकार. कॅसेट स्टोव्हमध्ये डबा बर्नरच्या अगदी शेजारी, एका पत्र्याच्या झाकणाखाली असतो. प्लेट मोठी घेतली आणि ती त्या झाकणावर गेली की प्लेटची उष्णता खाली डब्यावर उतरते, डबा तापतो, आत प्रेशर वाढतं आणि डबा फुटतो. कॅसेट स्टोव्हचे सगळ्यात वाईट अपघात असेच होतात. दोन स्टोव्ह शेजारी ठेवून वर एक लांबलचक तवा टाकायचा हा जुगाड तर अजिबातच नको, त्यात एका स्टोव्हचा डबा तव्याखाली अडकतो. प्लेट बर्नरच्या बाजूलाच राहिली पाहिजे, डब्याच्या झाकणावर बोटभरही नाही.

याच कारणासाठी प्रेशर वाढलं की डबा आपोआप सुटतो अशी सोय असलेला स्टोव्ह घ्या. खोक्यावर लिहिलेलं असतं, नसेल तर दुकानदाराला विचारा, त्याला माहीत नसेल तर दुसरं दुकान.

प्लेट कुठली? मधे उंच, कडेला उतार आणि तेल जायला भोक असलेली गोल प्लेट कॅसेट स्टोव्हला उत्तम. चरबी खालच्या ट्रेमध्ये जाते, ट्रेमध्ये थोडं पाणी घालून ठेवा म्हणजे धूर होत नाही. नॉनस्टिक हलकी आणि धुवायला सोपी, पण रिकामी तापवत ठेवायची नाही. बिडाची जड, गंजते, तिला तेल पाजावं लागतं, पण भाजलेल्याची चव बिडाचीच, यावर आमच्याकडे वाद होत नाहीत.

टेबलटॉप ग्रिल घेत असाल तर हे बघा: जाळी जाड आहे का, खालचा तेलाचा ट्रे बाहेर ओढता येतो का (येत नसेल तर धुताना रडाल), पाय घट्ट आहेत का, झाकण उघडं राहतं का की वाऱ्याने आपटतं. थर्मामीटर, साइड शेल्फ, दिवे वगैरे असतील तर असोत, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

पिझो लायटर (नॉब किंवा बटणाने ठिणगी पाडणारा) सगळ्यांनाच असतो आणि दमट हवेत सगळ्यांचाच बंद पडतो. किचनचा लांब लायटर आणि काडेपेटी सोबत हवीच.

४. गॅस किती न्यायचा

स्टोव्हवर किलोवॅटमध्ये आकडा असतो, बहुतेक २ ते २.५ च्या आसपास. २.२ किलोवॅटचा बर्नर फुल ठेवला तर तासाला साधारण १७० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे एक डबा सव्वा-दीड तास. चार जणांचा चहा, म्हणजे लिटरभर पाणी उकळायला, वारा नसेल तर १५-२० ग्रॅम जातात. वारा असेल तर दुप्पट धरा.

चार जणांच्या एका रात्रीला मी दोन डबे धरतो आणि तिसरा राखीव. अर्धवट वापरलेला डबा किती उरलाय ते हलवून कळत नाही, किचनच्या वजनकाट्यावर ठेवा. नवा डबा आणला की त्याचं वजन मार्करने त्याच्यावरच लिहायचं. नंतर जेवढं कमी भरेल तेवढा गॅस गेला, सोपा हिशोब.

५. कुठे नेता येत नाही

ट्रेनमध्ये गॅस न्यायचा नाही. कोकणात जाताना "बॅगेत एक छोटा डबा तर आहे" म्हणून लोक नेतात. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचा आकडा बघून हसू येतं पण ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला उभ्या असलेल्या टुरिस्ट डब्यात असाच लपवून नेलेला सिलेंडर पेटला आणि ९ माणसं गेली. एसटीत नाही, मेट्रोत नाही, विमानात तर हँडबॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. वापरलेला स्टोव्ह गॅसशिवाय नेतानाही एअरपोर्टवर अडवू शकतात, धुऊन पुसून न्या आणि आधी एअरलाइनला विचारा.

स्वतःच्या गाडीत न्या, पण डिकीत उन्हात सोडू नका. डब्यांवर ५० अंशाच्या वर नको असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात बंद गाडी त्याच्या वर आरामात जाते. जेवायला हॉटेलवर थांबलात तर गाडी सावलीत. ५ किलोचा सिलेंडर उभा, दोरीने बांधून, एक काच थोडी खाली, आणि गाडीत कोणी सिगरेट ओढायची नाही.

गडावर ग्रिल नको. संरक्षित स्मारकात परवानगीच्या जागेशिवाय स्वयंपाक करायला नियमानेच मनाई आहे. रायगड, लोहगड, राजगड धरून आपले ११ किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेत, तिथे तटबंदीला टेकून तंगडी भाजणारे दिसले की मला तरी लाज वाटते.

अभयारण्यात धोका होईल अशी आग पेटवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि गॅसची ज्योत ही पण आगच. भंडारदऱ्याच्या बाजूचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे साइटवाल्याला बुकिंग करतानाच विचारा: जागा खासगी आहे का, ग्रिल चालेल का, कुठे मांडायचा. फेब्रुवारी ते मे गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, एका ठिणगीने डोंगर जातो. त्या दिवसांत मी फक्त सारवलेल्या अंगणात किंवा फरशीवर ग्रिल लावतो.

६. सामानाची यादी

- ग्रिल, प्लेट, तेलाचा ट्रे (ट्रे घरी विसरतो, दर वेळी कोणीतरी)
- गॅसचे डबे, किंवा सिलेंडर, रेग्युलेटर, नळी, नळीचे क्लिप
- लांब लायटर, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत
- दोन लांब चिमटे, एक कच्च्याला, एक शिजलेल्याला, वेगवेगळ्या रंगाची दोरी बांधून
- सांडशी, उलथनं, तेल लावायचा ब्रश (नसेल तर अर्धा कांदा काट्याला टोचून)
- सळया, लोखंडी असतील तर चपट्या, गोल सळईवर पनीर फिरतच नाही, नुसती सळई फिरते
- साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत
- बादलीभर माती किंवा वाळू, गाडीतला फायर एक्स्टिंग्विशर
- हेडटॉर्च, कारण मोबाईलचा टॉर्च धरणारा माणूस पाच मिनिटांत पळून जातो
- कचऱ्याच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं
- बर्नॉल नव्हे, भरपूर साधं पाणी. पोळलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट-हळद काही लावू नका
- छोटू घ्यायचा असेल तर आधार किंवा दुसरं ओळखपत्र, शिवाय पावती जपून ठेवा

७. घरी एकदा पेटवून बघा

ही पायरी सगळे गाळतात, मीही गाळली होती आणि वर त्याचं फळ वाचलंत. गच्चीत किंवा अंगणात मांडा, बंद बाल्कनीत नको. डबा लावा, जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी लावून गळती बघायची पद्धत ज्या काकांनी शिकवली असेल त्यांना नमस्कार करा आणि विसरा. ज्योत निळी हवी. पिवळी आणि काजळी धरणारी असेल तर बर्नर साफ करा. नव्या प्लेटला फॅक्टरीचं तेल असतं, दहा मिनिटं मंद गॅसवर जाऊ द्या, थोडा वास येईल. नॉनस्टिक असेल तर हे करू नका, नुसती धुवा.

८. साइटवर मांडणी

टेंटपासून दहा-बारा फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे ठिणगी-धूर टेंटकडे न येता पलीकडे जाईल असा. टेंटचं कापड पेटतं कमी आणि वितळतं जास्त, ते अंगावर चिकटतं.

सपाट जागा, लहान मुलांच्या धावण्याच्या वाटेत नाही, कुत्र्यांच्या नाकाच्या उंचीवर नाही. पवन्याला एका पांढऱ्या कुत्र्याने आमचा अर्धा किलो पनीर टिक्का कच्चाच नेला होता.

वारा ही खरी डोकेदुखी. घाटमाथ्यावर संध्याकाळी वारा सुटतोच. आडोसा करा पण तीन बाजूंनी आणि दीड-दोन फूट लांब: गाडी आडवी लावा, कूलबॉक्स ठेवा, दगडांची रांग लावा. स्टोव्हला चिकटून फॉइल गुंडाळायची नाही, कारण मग तीच उष्णता डब्याकडे वळते.

सिलेंडर उभाच ठेवायचा, आडवा केला की पातळ गॅस नळीत येतो. आणि गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून ग्रिल खड्ड्यात किंवा बंधाऱ्याच्या कोपऱ्यात मांडू नका.

९. पेटवणं

झाकणवाला ग्रिल असेल तर झाकण उघडूनच पेटवायचा. बंद झाकणात गॅस साचतो आणि लायटर लावला की भसकन भुवया जातात (माझ्या गेल्या होत्या, ऑफिसात आठवडाभर सगळ्यांनी विचारलं). आधी लायटर पेटता धरा, मग नॉब फिरवा. पाच सेकंदात पेटला नाही तर नॉब बंद, पाच मिनिटं थांबा, वास गेला की परत.

बिडाची प्लेट किंवा जाळी आठ-दहा मिनिटं चांगली तापवा. पाण्याचा थेंब टाकला की नाचला पाहिजे. इथे घाई केली की सगळं चिकटतं आणि मग दोष मॅरिनेशनला देतात.

१०. भाजणं

तेल जाळीला नाही, पदार्थाला लावा. चिकनचं मॅरिनेशन घरीच करून पिशव्यांमध्ये भरून फ्रीझरमध्ये टाका, कूलबॉक्समध्ये तेच बर्फाचं काम करतं आणि पोचेपर्यंत सुटतं. दही टांगून पाणी काढलेलं घ्या, पातळ दही सगळं ट्रेमध्ये जातं. तुकडे लहान, सारखे, हाड नसलेले. तंगडी हवीच असेल तर खोल चिरा पाडा आणि घरी अर्धी वाफवून आणा, नाहीतर बाहेरून कोळसा आणि आतून गुलाबी. शिजलं का ते बघायला सगळ्यात जाड तुकडा कापा, गुलाबी पाणी दिसलं तर परत ठेवा. थर्मामीटर असेल तर ७४ अंश. अंधारात रंग कळत नाही, हेडटॉर्च तिथेच लागतो.

एका वेळी प्लेट गच्च भरू नका. गच्च भरली की भाजत नाही, उकडतं. आणि सारखं उलटू नका, सुटायला तयार झालं की स्वतःहून सुटतं.

चरबी पडून भडका उडाला तर गॅस कमी करा, तुकडे बाजूला सरकवा. पाणी ओतायचं नाही, पेटलेल्या तेलावर पाणी म्हणजे भडका दुप्पट. झाकण असेल तर गॅस बंद करून झाकण टाका.

बांगडा करायचा तर चिरा पाडून आगळ, हळद, तिखट, मीठ लावा आणि प्लेटवर केळीचं पान पसरून त्यावर ठेवा. चिकटत नाही, आणि पान करपल्याचा जो वास येतो त्यासाठी मी परत परत कोकणात जातो. पापलेट असं वाया घालवू नका, ते तव्यावरच.

शाकाहारी मंडळींसाठी प्लेट आधी त्यांची, मग आमची. हा क्रम पाळला की घरात शांतता राहते. पनीर, सिमला मिरची, कांदा, मशरूम पटकन होतात. बटाटा आणि रताळं घरून अर्धं उकडून न्या. मक्याचं कणीस दोन-दोन ठेवा, चारही बाजूंनी डाग पडले की लिंबू-मीठ. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा नाहीतर त्याच पेटतात. खिम्याचे कबाब जाळीतून खाली पडतात, त्यासाठी सपाट प्लेट. भरताचं वांगं भाजायला डबा जाळू नका, वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात सगळ्यांचं चिकन होतं.

शेवटी गॅस मंद करून उरलेल्या मसाल्यावर बटर टाकून पाव भाजा. आमच्याकडे मुलं फक्त त्यासाठी येतात.

११. पाऊस आला तरी टेंटमध्ये नाही

जुलैत पवन्याला जाणाऱ्यांसाठी खास. पाऊस सुरू झाला की सगळ्यांना एकच कल्पना सुचते, टेंटच्या पुढच्या भागात घेऊया, चेन उघडी ठेवू. नको. आग तर आहेच, पण गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणसाला वाटतं दमलोय. कोळशाची शेगडी ऊब म्हणून टेंटमध्ये घेऊन झोपणं याहूनही वाईट, विझत आलेला कोळसा सगळ्यात जास्त सोडतो. चारही बाजूंनी उघडी शेड असेल तर तिथे चालेल, ताडपत्री लावलीत तर डोक्याच्या बरीच वर आणि बाजू मोकळ्या.

कोणाला असा त्रास झाला तर आधी उघड्यावर आणा, मग ११२ ला फोन. सिलेंडर गळत असेल तर १९०६ हा गॅस गळतीचा नंबर चोवीस तास चालू असतो. बॅकवॉटरला रेंज नसते, कुठे उभं राहिलं की येते ते दिवसाच बघून ठेवा.

१२. आवरणं

आधी सिलेंडरचा रेग्युलेटर बंद, नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग ग्रिलचा नॉब बंद. कॅसेट स्टोव्हमधून डबा काढून टोपी लावून वेगळा ठेवा, रात्रभर स्टोव्हमध्ये सोडू नका.

प्लेट कोमट असताना कागदाने पुसा, मग अर्धा कांदा घासा. तलावात धुवायची नाही, तेलाचा थर पाण्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत दिसतो. ट्रेमधलं तेल कागदात टिपून कचऱ्याच्या पिशवीत. बिडाची प्लेट घरी आल्यावर धुऊन, गॅसवर कोरडी करून, तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळा.

रिकामा डबा शेकोटीत टाकायचा नाही, रिकामा म्हणता तरी आत थोडा गॅस असतोच. खिळ्याने भोकही पाडू नका. उघड्यावर ज्योत पूर्ण विझेपर्यंत वापरून संपवा, घरी आणा आणि सुक्या कचऱ्यात "गॅसचा रिकामा डबा" अशी चिठ्ठी चिकटवून द्या.

पावसाळ्यात चार महिने ग्रिल पडून असेल तर दिवाळीनंतर पहिल्यांदा काढताना बर्नरची नळी सोडवून आत बघा. कोळी त्या नळीत घर करतात, खरंच. आमच्या ग्रिलची ज्योत एकदा पिवळी आणि अर्ध्याच भोकांतून यायला लागली, मी दोन डबे बदलले, दुकानदाराला फोनवर बोललो, आणि शेवटी बायकोने बाटली धुवायचा ब्रश नळीत घालून फिरवला तर पांढरं जाळं आणि एक चिडलेला कोळी बाहेर आला.